वृत्तपत्रांचा जमाखर्च : छापखान्यापासून भ्रमणध्वनीपर्यंत

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि त्या देशाच्या दक्षिण भागातून इंग्लंडकडे जाणारा कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव चढू लागले. लिव्हरपूलचा भाव त्या काळी जहाजाने मुंबईस येत असे. ते जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच ज्याला तो भाव समजेल, त्याचा त्या दिवसाचा सौदा साधला असे समजले जाई. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) आपली माणसे होडीतून खोल समुद्रात पाठवीत आणि येणाऱ्या आगबोटीवरून भावाची बातमी इतरांच्या आधी मिळवीत, असे सांगितले जाते. बातमीसाठी होडी, नावाडी आणि विश्वासू मुनीम यांचा खर्च करण्याची ऐपत असलेले व्यापारी मुंबईत थोडेच होते.

पुढे १८६५ मध्ये इराणच्या आखातातून टाकलेल्या तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला. युद्धही त्याच वर्षी संपले. कापसाचे भाव कोसळले आणि त्या पडझडीत खुद्द प्रेमचंद शेठ यांच्यासह कित्येक पेढ्या बुडाल्या. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत आपली कचेरी उघडली आणि तारेने आलेले दूरदेशीचे वर्तमान दैनिकांत छापून येऊ लागले. जी माहिती मिळविण्यासाठी शेठजींना होडी पाठवावी लागे, ती कालांतराने काळबादेवीच्या गल्लीतील लहान आडत्यालाही काही पैशांत मिळू लागली.

हे परिवर्तन तार आणि छापखाना यांनी घडविले असे आपण म्हणतो. ते खरेच आहे, परंतु ते उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर वृत्तपत्रांच्या जमाखर्चाच्या वहीत सापडते, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वृत्तपत्रसृष्टीवर जे संकट कोसळले त्याचे कारणही त्याच वहीच्या जमेच्या बाजूला शोधावे लागते.

सर्वसाधारण समज असा आहे की, बातम्या भ्रमणध्वनीवर फुकट वाचावयास मिळू लागल्या म्हणून लोकांनी वृत्तपत्रे घेणे सोडले आणि वृत्तपत्रे अडचणीत आली. व्यापारी दृष्टीने पाहिल्यास या समजुतीत एक मोठी त्रुटी आढळते. वाचक ज्या किमतीला अंक विकत घेतो, त्या किमतीत तो अंक कधीच तयार होत नव्हता. कागद, शाई, यंत्रे, बातमीदारांचे वेतन, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन वजा जाता मोठ्या दैनिकांच्या प्रत्येक अंकामागे तोटाच येतो. जितके अंक अधिक खपतील तितका कागदाचा खर्च अधिक. विक्री वाढली की तोटा वाढतो असा माल कोणताही शहाणा दुकानदार दुकानात ठेवणार नाही. वृत्तपत्राने तो दीडशे वर्षांहून अधिक काळ ठेवला, कारण त्याची खरी किंमत दुसराच कोणी देत होता. तो देणारा म्हणजे जाहिरातदार होय. त्यातही गंमत अशी की, आपल्याकडील वाचक महिन्याच्या शेवटी रद्दी विकून दिलेल्या किमतीचाही काही भाग परत मिळवीत असे.

या व्यवहाराचा आरंभ अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला असे मानण्याचा प्रघात आहे. तेथे बेंजामिन डे याने ३ सप्टेंबर १८३३ रोजी ‘सन’ हे दैनिक सुरू केले. इतर दैनिके सहा सेंटला मिळत असता याने आपला अंक एका सेंटला विकला. खप भराभर वाढला आणि तो खप दाखवून त्याने जाहिराती मिळविल्या. तीनच वर्षांनी, १८३६ मध्ये, पॅरिस येथे एमिल द जिरार्दँ यांनी ‘ला प्रेस’ची वार्षिक वर्गणी प्रचलित दराच्या निम्म्यावर आणून हीच युक्ती केली.

मुंबईत तर वृत्तपत्राचा आणि व्यापाराचा संबंध जन्मापासूनचा आहे. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केले, ते व्यापारी वस्तीच्या गुजराती भाषेत. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. आद्य मराठी वृत्तपत्राचा मान सामान्यतः त्याला दिला जातो. लोकशिक्षणाच्या ध्येयाने निघालेले हे पत्र साडेआठ वर्षांनी, १८४० मध्ये, बंद पडले. याउलट ३ नोव्हेंबर १८३८ रोजी जे इंग्रजी पत्र निघाले त्याचे पूर्ण नावच मुळी ‘द बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ असे होते. तेच १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. जुन्या काळी प्रतिष्ठित दैनिकांच्या पहिल्या पानावर बातम्या नसतच, तेथे जाहिराती असत. मद्रासच्या ‘हिंदू’ने ही प्रथा १९५८ मध्ये सोडली, लंडनच्या ‘टाइम्स’ने तर ३ मे १९६६ रोजी. घराचा खर्च जो चालवितो त्याला ओसरीवर मानाचे आसन द्यावे, तसाच हा प्रकार होता.

वाचणारा एक आणि खर्च करणारा दुसरा, ही रीत जैन समाजाला अपरिचित नाही. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री आणि आपल्या विदर्भातील कारंजा येथील ग्रंथभांडारांत ज्या हस्तलिखित पोथ्या आहेत, त्यांतील असंख्य पोथ्या श्रावक-श्राविकांनी द्रव्य देऊन लेखनिकांकडून लिहवून घेतल्या. पोथीच्या अखेरीस जी प्रशस्ती असते तीत दात्याचे नाव, कुळ, गाव आणि संवत यांचा उल्लेख असतो. मुनिराजांनी आणि पंडितांनी पोथी वाचली, पैसे श्रावकाने दिले आणि मोबदल्यात त्याचे नाव राहिले. शास्त्रदान चार दानांत गणले गेले आहे. त्याची जाहिरातीशी तुलना करणे काहींना रुचणार नाही आणि हेतूच्या दृष्टीने ती योग्यही नाही. येथे केवळ हिशेबाची रीत सारखी आहे, एवढेच म्हणावयाचे आहे. फार दूर कशाला, प्रस्तुत स्मरणिकादेखील वाचकांच्या हाती विनामूल्य पडते ती मागील पानांवरील शुभेच्छा जाहिरातींच्या बळावरच.

छपाई आल्यावर समाजाने नियतकालिके काढली, तीही या दानपरंपरेतूनच. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. सुप्रसिद्ध उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच चिरंजीव. शास्त्रे छापावीत की छापू नयेत यावर समाजात तीव्र मतभेद होते, तेव्हाचा हा काळ आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने ‘प्रगति आणि जिनविजय’ हे आपले मुखपत्र चालविले. सामाजिक पत्रांना बाजारातील जाहिराती फारशा मिळत नसत. त्यांचा आधार देणगीदार आणि आजीव सभासद हाच असे. या आजीव वर्गणीत हिशेबाची एक चूक दडलेली होती. सभासदाकडून एकरकमी वर्गणी आली की ती त्या वर्षाच्या जमेस धरून खर्ची पडे. वास्तविक ती रक्कम म्हणजे सभासद जिवंत असेपर्यंत अंक पाठविण्याचे देणे होते. कागद महागला, टपालखर्च वाढला, सभासदांना उदंड आयुष्य लाभले (ते लाभावेच), आणि तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या रकमेवर दरमहा अंक पाठविताना संपादकांच्या नाकी नऊ आले. अनेक सामाजिक मासिकांचा श्वास महाजालाच्या आगमनापूर्वीच कोंडला होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दैनिकांची गोष्ट निराळी. त्यांच्या जमाखर्चाचे सर्वांत स्पष्ट चित्र पाहावयाचे असेल तर पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला अभ्यासावा. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेले हे दैनिक १९६० च्या सुमारास सात नव्या पैशांना मिळत असे. रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत ते एकूण ३४ पाने देत असे आणि त्यांतील सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना जाई. त्याचा खप ५२ हजारांच्या घरात असल्याचे न्यायालयापुढे मांडण्यात आले होते. केंद्र सरकारने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पाने यांविषयी एक कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किमतीला अमुकच पाने द्यावीत आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण असावे, असा त्याचा आशय होता. मोठी वृत्तपत्रे कमी किमतीत जास्त पाने देऊन लहान वृत्तपत्रांना बुडवितात, म्हणून लहानांचे संरक्षण करावे, हा सरकारचा युक्तिवाद. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही.

परंतु ‘सकाळ’पुढे दोनच मार्ग उरले. पाने ३४ ठेवावयाची तर किंमत सातवरून आठ नवे पैसे करणे भाग होते, आणि किंमत सातच ठेवावयाची तर पाने २४ वर आणावी लागणार होती. आज एका पैशाचे नाणेही चलनात नाही, पण त्या काळी त्या एका पैशासाठी दैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ‘सकाळ’च्या दोघा वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायमूर्ती मुधोळकर यांनी निकालपत्र दिले आणि तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. जाहिरातींची जागा कमी केली तर किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली की खप घटेल आणि खप घटला म्हणजे विचार पोहोचविण्याच्या स्वातंत्र्यालाच बाध येईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे १९७२ मध्ये कागदवाटपाच्या धोरणातील दहा पानांची मर्यादाही बेनेट कोलमनच्या खटल्यात रद्द झाली.

न्यायालयाने जी साखळी १९६१ मध्ये दाखवून दिली, म्हणजे जाहिरात, किंमत, खप आणि शेवटी स्वातंत्र्य, तीच साखळी चाळीस वर्षांनंतर कोणत्याही सरकारी आदेशाविना तुटू लागली.

मधला काळ भरभराटीचा होता. साक्षरता वाढली, ऑफसेट यंत्रे आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आवृत्त्या निघाल्या. यवतमाळ जिल्ह्यातील जैन कुटुंबातले स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपुरातून ‘लोकमत’ दैनिक स्वरूपात सुरू केले, ते पुढे महाराष्ट्रभर पसरले. कापड गिरण्या त्या काळी दैनिकांच्या मोठ्या जाहिरातदार होत्या. ‘ओन्ली विमल’ची पानभर जाहिरात ज्यांना आठवत नाही असा त्या पिढीतला कापडवाला विरळाच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची ती सद्दी ओसरली, तरी गावोगावच्या दुकानदारांनी दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत स्थानिक दैनिकांची पाने भरली. ज्यांना जाहिरातीचा दर परवडत नसे ते पहाटे विक्रेत्याला गाठून अंकात हँडबिले घालून घेत.

परंतु दैनिकाचा खरा कणा होता तो छोट्या जाहिरातींचा. वधू-वर पाहिजेत, जागा भाड्याने देणे आहे, हिशेबनीस पाहिजे, जुनी स्कूटर विकणे आहे, हरवला आहे, नावात बदल, श्रद्धांजली, उठावणा. दर ओळीवर वा शब्दावर ठरलेला असल्यामुळे माणसे ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’ अशा काटकसरीच्या भाषेत आपले सर्व भवितव्य दोन ओळींत मांडीत. एकेक जाहिरात किरकोळ रकमेची. परंतु अशा हजारो जाहिरातींतून जी जमा होई तिला उधारी नव्हती, कारण पैसे आगाऊ घेतले जात. बुडीत खाते नाही असा धंदा दुसरा कोणता? आणि वाचकही त्या जाहिरातींसाठी अंक घेत असे. मुंबईच्या गुजराती दैनिकांतील ‘जैन मरण’ हे सदर पहिल्या पानाच्या आधी उघडणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत.

या उत्पन्नाच्या जोरावर काय करता येते हे बेनेट कोलमन कंपनीने दाखविले. ही कंपनी १९४६ मध्ये रामकृष्ण दालमिया यांनी घेतली आणि नंतर ती त्यांचे जामात साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे आली. भारतीय ज्ञानपीठाची १९४४ मध्ये स्थापना करणारे ते हेच दांपत्य, शांतिप्रसादजी आणि रमाजी. त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या काळात, १९९४ मध्ये, दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची किंमत दीड रुपयावर आणली गेली. खप वाढला, जाहिरातींचा दर वाढला आणि प्रतिस्पर्ध्यांनाही किमती उतरविणे भाग पडले. आपण वृत्तपत्रांच्या नव्हे तर जाहिरातींच्या व्यवसायात आहोत, असे विनीत जैन यांनी २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातील लेखात नि:संकोचपणे सांगितले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे सत्य होते. तथापि वाचकाला दीड रुपयाची सवय लावणे म्हणजे पुढे ज्या दिवशी जाहिरातदार निघून जाईल त्या दिवशी त्याच वाचकाकडून पूर्ण किंमत मागण्याची वाट आपणच बंद करणे होय, हेही तितकेच सत्य होते. लग्नसराईत खरेदीपेक्षा कमी दराने माल विकून गिऱ्हाईक जोडणाऱ्या दुकानदाराला आषाढात त्याच गिऱ्हाइकाचे तोंड पाहावे लागते.

तो दिवस अमेरिकेत आधी उजाडला. सॅन फ्रान्सिस्को येथे क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ मध्ये मित्रमंडळींसाठी सुरू केलेली ‘क्रेगलिस्ट’ ही यादी पुढे गावोगावच्या छोट्या जाहिराती बव्हंशी विनामूल्य प्रसिद्ध करू लागली. अमेरिकी दैनिकांना छोट्या जाहिरातींपासून २००० साली सुमारे १९.६ अब्ज डॉलर मिळाले होते, ते २००९ मध्ये सहा अब्जांच्या आसपास उरले. नऊ वर्षांत दोन-तृतीयांशांहून अधिक उत्पन्न गेले, आणि तेही वाचक बहुसंख्येने भ्रमणध्वनीकडे वळण्यापूर्वी. मोठ्या जाहिराती त्यामागोमाग गेल्या. कोण काय शोधतो आहे हे नेमके जाणून त्याच क्षणी त्याच्यापुढे जाहिरात ठेवण्याची सोय गूगल आणि फेसबुक यांनी केल्यावर, एक लाख लोकांसाठी पैसे मोजून त्यांतील शंभर गिऱ्हाइके मिळविण्याची जुनी रीत जाहिरातदाराला उधळपट्टी वाटू लागली. डेन्व्हर शहरातील ‘रॉकी माउंटन न्यूज’ हे १८५९ पासूनचे दैनिक २७ फेब्रुवारी २००९ रोजी बंद झाले, तेव्हा त्याच्या दीडशेव्या वर्धापनदिनाला दोन महिनेही उरले नव्हते. व्हिएन्नातील ‘वीनर त्साइटुंग’ १७०३ पासून निघत होते; ३० जून २०२३ रोजी त्याचा छापील दैनिक अंक थांबला.

भारतात हे वारे उशिरा पोहोचले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नोकऱ्यांची आणि विवाहांची संकेतस्थळे १९९७ च्या आसपास निघाली, घरांची आणि जुन्या वस्तूंची त्यानंतर दहा वर्षांत. छोट्या जाहिरातींची एकेक रांग अशी उठून गेली. तरीही दैनिकांचा खप वाढतच होता. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सच्या आकडेवारीनुसार देशातील दैनिकांचा रोजचा खप २००६ मध्ये ३.९१ कोटी होता, तो २०१६ मध्ये ६.२८ कोटी झाला. पश्चिमेकडील दुखणे आपल्याकडे येणार नाही, असे तेव्हा भाषणांतून सांगितले जाई. योगायोग असा की त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. साडीचे छायाचित्र गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकून घरबसल्या मागणी घेणाऱ्या दुकानदाराला त्यानंतर दैनिकाच्या चौथ्या पानाची गरज वाटेनाशी झाली. त्याला दोष कसा द्यावा?

२००५ मध्ये मोठा गाजावाजा करून निघालेल्या ‘डीएनए’ची छापील आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली. त्याच वर्षी जुलैच्या अंदाजपत्रकात आयात कागदावर दहा टक्के शुल्क बसले होते, ते पुढील फेब्रुवारीत पाच टक्के करण्यात आले. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मुंबईत दैनिकांचे वितरणच थांबले, एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली, मग ती काही भागांपुरती शिथिल केली. कित्येक घरांत तीन पिढ्यांत प्रथमच सकाळ अंकाविना उजाडली. चहा मात्र तितकाच गोड लागला, आणि ती गोष्ट वृत्तपत्रांना फार महाग पडली. टाळेबंदी उठल्यावर कित्येकांनी अंक पुन्हा सुरूच केला नाही. ‘मुंबई मिरर’ साप्ताहिक करण्याचा आणि ‘पुणे मिरर’ बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला.

वृत्तपत्रे निर्दोष होती असा याचा अर्थ मुळीच नाही. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण इतके वाढले की प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर तो व्यवहार. तीच बातमी म्हणून छापली तर ती पेढीची पत विकणे होय. गावोगावच्या वार्ताहरांना जाहिराती मिळविण्याचे उद्दिष्ट ठरवून देण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागावयाची त्याच्याविरुद्ध दुपारी बातमी कोण लिहिणार? त्यामुळे संकटाच्या वेळी वाचक बाजूने उभा राहील अशी जी अपेक्षा होती, तिला फारसा आधार नव्हता.

भ्रमणध्वनीने समाजाचे भलेही केले आहे. सम्मेद शिखरजीच्या परिसराविषयीची पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना ऑगस्ट २०१९ मधील. तीतील पर्यटनाच्या तरतुदींविरुद्ध डिसेंबर २०२२ मध्ये देशभर मोर्चे निघाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. इतक्या थोड्या दिवसांत गावोगावचा श्रावक रस्त्यावर आला तो हातातील भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे. कोणत्याही दैनिकाला हे इतक्या त्वरेने साधले नसते. परंतु ते संदेश आज कोणाच्या भ्रमणध्वनीत शिल्लक आहेत? त्या मोर्चांचा इतिहास उद्या लिहावयाचा झाला तर तारीख, संख्या आणि वक्त्यांची नावे शोधण्यासाठी दैनिकांची कात्रणेच काढावी लागतील. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा अनुभव येतो. पन्नास वर्षांपूर्वीचे शिलान्यासाचे छायाचित्र, चातुर्मास प्रवेशाची बातमी, एखाद्या आद्य विश्वस्ताची निधनवार्ता ही कोणीतरी कापून वहीत चिकटवून ठेवलेली असते. मागील दहा वर्षांची माहिती गोळा करताना मात्र ‘फोन बदलला, सर्व गेले’ असे उत्तर मिळते.

नगरपालिकेच्या सभेला मागील बाकावर बसून टिपणे घेणारा बातमीदार हा याहून मोठा तोटा होय. सभेच्या बातमीला वाचक थोडे असतात आणि जाहिरातदार तर नसतोच. वधू-वरांच्या आणि भाड्याच्या जागांच्या जाहिरातींच्या पैशावर तो बातमीदार बसत होता. जाहिराती गेल्या, तेव्हा त्याचे बाक रिकामे झाले.

आता पाश्चात्त्य दैनिके वाचकाकडेच पूर्ण मूल्य मागू लागली आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ पासून संकेतस्थळावरील वाचनासाठी वर्गणी घेण्यास प्रारंभ केला, आणि २०२० मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांना वाचकांकडून मिळालेली रक्कम प्रथमच जाहिरातींच्या रकमेपेक्षा अधिक भरली. ती वाचकांची रक्कम फार वाढली म्हणून नव्हे, जाहिरातींची कमालीची घटली म्हणून. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कायदा करून गूगल-फेसबुकसारख्या कंपन्यांना वृत्तसंस्थांशी वाटाघाटी करणे भाग पाडले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्धच्या वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीची चौकशी करण्याचा आदेश दिला. मराठी वाचकाकडून संकेतस्थळासाठी वर्गणी घेऊन दैनिक चालविणे मात्र अजून कोणाला भरीवपणे साधलेले दिसत नाही.

छोट्या जाहिरातींपैकी एक प्रकार कागदावर टिकून आहे, तो ‘जाहीर नोटीस’ हा. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकावयाची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि त्यासाठी वृत्तपत्रातून प्रस्ताव मागविण्याची रीत आहे. पूर्वी अशी नोटीस ज्या दैनिकात येई ते निम्म्या गावात वाचले जाई. देरासरच्या ओट्यावर त्याची चर्चा होई, कोणी हरकत घेई, कोणी चार पैसे अधिक देऊ करी. आज तीच नोटीस तितक्याच रीतसर छापली जाते, परंतु ज्या गल्लीतील मिळकत आहे त्या गल्लीत तो अंक एखाद्याच घरी येत असतो, आणि हरकतीची मुदत निघून जाते. काही जागरूक विश्वस्त मंडळांनी आता अशी नोटीस दैनिकात दिल्यावर तिचे कात्रण मंदिराच्या सूचना फलकावर लावण्यास, त्याचे छायाचित्र समाजाच्या समूहावर पाठविण्यास आणि मूळ कात्रण तारखेसह दप्तरी ठेवण्यास सुरुवात केली आहे.